शिवा आग्रेची दहावी चिठ्ठी

शिवराम आग्रे हा वाईट माणूस नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही काही वेगळंच म्हणाल, आणि म्हणा, तुम्हाला कोण अडवणार. पण गावात कुणाचं मयत असो, लग्न असो, विहिरीत ढोर पडलेलं असो, पहिला धावतो तो शिवाच. घाबरट आहे, एवढंच. आणि घाबरट माणूस चांगला असला की फार पंचाईत होते.

धामणखोल आमचं गाव. कोकणात, लोट्याच्या एमआयडीसीपासून कंपनीच्या बसने अर्धा तास. तिथल्या एका रसायन कंपनीत शिवा कंत्राटी कामगारांचा मुकादम. वय बावन्न, शिक्षण आठवी. काम काय, तर आत प्लांटमध्ये जी पांढरी पावडर तयार होते ती निळ्या ड्रमात भरायची, झाकण आवळायचं, लेबल चिकटवायचं, चार-चार ड्रम लाकडी पॅलेटवर उभे करून प्लास्टिक गुंडाळायचं आणि कंटेनरात चढवायचे. या कामावर आमच्या गावची अठरा माणसं. कंत्राटदार बसतो खेडला. माणसं आणणं, हाकणं आणि संध्याकाळी मोजून परत नेणं हे सगळं शिवाकडे.

त्या लेबलावर इंग्रजीत अमेरिकेतल्या एका गावाचं नाव असायचं, ह्यूस्टन. शिवाला सुरुवातीला ते वाचता येत नव्हतं. मुकादम झाला खरा, पण लेबल उलटं चिकटवलं तरी कळायचं नाही. महेंद्र तांबेने त्याला शिकवलं. महेंद्र आमच्या बौद्धवाडीतला, शिवापेक्षा आठ वर्षांनी लहान. बारा वर्षं मुंबईकडे केमिकल कंपन्यांत काढून आईसाठी गावी परत आलेला. जेवणाच्या सुट्टीत ड्रमावर बोट ठेवून तो एकेक अक्षर म्हणून घ्यायचा, एच, ओ, यू, आणि आजूबाजूला कुणी आलं की गप्प व्हायचा, मुकादमाची लाज जाऊ नये म्हणून. लोडिंगच्या पावत्या सहा वर्षं त्यानेच लिहिल्या आणि सही शिवाने केली. याची वाच्यता त्याने आईकडेसुद्धा केली नाही.

आता हे ह्यूस्टनचं काम आमच्या दारी आलं कसं, तर अमेरिकेचं चीनशी फाटलं म्हणून. तिकडच्या मोठ्या माणसांनी ठरवलं की चीनचा माल नको, दुसरीकडून घ्या, आणि त्या दुसरीकडच्यात कुठेतरी लोटं बसलं. कंपनीने दुसरी पाळी सुरू केली. मग बघा धामणखोल. मुंबईला गेलेली सहा पोरं परत आली. पाच घरांवर स्लॅब चढला. वाडीतल्या दुकानात सकाळी दुधाच्या बारा पिशव्या यायच्या त्या चाळीस यायला लागल्या. आमच्याकडे गावाची बरकत मोजायची तर दुधाच्या पिशव्या मोजाव्या, बाकीचे आकडे टीव्हीवाल्यांसाठी.

शिवाचा मुलगा संदेश हाही त्या अठरांतलाच. गेल्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. सून दीपाली गुहागरकडची, गुणाची पोर.

आणि गणपती बसले त्याच दिवशी अमेरिकेने आपल्या मालावरचा कर पन्नास टक्क्यांवर नेला. कारण काय, तर आपण रशियाकडून तेल घेतो. आरती चालू होती, आणि संदेशने मोबाईलवर वाचून हळूच बापाच्या कानात सांगितलं. शिवाला पहिल्यांदा काही कळलं नाही. तेल रशियाचं, कर अमेरिकेचा, आणि पावडर आपल्या लोट्याची. यात आपलं कुठे काय चुकलं, असं त्याने विचारलं. संदेश म्हणाला, आपलं काही चुकलेलं नाही, पण दणका आपल्यालाच. पंधरा दिवसांतच शिवाला तो दणका लेबलांच्या खणात दिसला. पूर्वी खण बंद होत नसे इतकी लेबलं असायची, आता तळाची पत्र्याची पट्टी दिसायला लागली. टीव्हीवर मात्र कोटवाले सांगत होते, देशाची वाढ जोरात चालली आहे, फारसा फरक पडणार नाही. पडत नसेलही बाबा तुमच्याकडे.

सप्टेंबरच्या मध्यावर कंत्राटदाराचा फोन आला. अठरांतली नऊ माणसं सोमवारपासून बंद. कोणती, ते तू ठरव, तुझ्या गावची आहेत, मला नावं पाठव. एवढं बोलून त्याने फोन ठेवला. तोही शहाणाच म्हणायचा.

शिवाला दोन दिवस जेवण गेलं नाही. नऊ घरांत जाऊन कुठल्या तोंडाने सांगणार? उद्या पाण्याच्या नळावर गोदाला, म्हणजे त्याच्या बायकोला, बाया काय काय ऐकवतील? म्हणून त्याने एक शक्कल काढली. त्याला वाटलं, यासारखा न्याय नाही. गावाचा देव भैरी; त्याच्याकडे कौल लावायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, गुरव देवाच्या छातीवर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवी कळी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. एकेकाचं नाव घ्यायचं, उजवा कौल आला त्याने कामावर राहायचं, डावा आला त्याने घरी बसायचं. देवाने ठरवलं म्हटल्यावर शिवाला कोण बोलणार? सगळं खापर देवाच्या माथ्यावर फोडून हा मोकळा.

रविवारी सकाळी देवळात माणसं जमली. नावांची यादी शिवाच्याच हातची, मराठीत लिहिलेली. गुरवाने कळ्या भिजवल्या. तेवढ्यात गावच्या मानकऱ्याने, ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याने, विचारलं की म्हेंद्राचं काय करायचं? तो देव मानत नाही, त्याच्या आज्याने छप्पन्न साली देव सोडले, त्याचा कौल कसा लावणार?

शिवाच्या ध्यानातच नव्हतं ते. खोटं नाही सांगत, खरंच नव्हतं. ज्याने सहा वर्षं पावत्या लिहिल्या तो माणूस या देवळात येत नाही, हे त्याला शक्कल काढताना एकदाही आठवलं नाही. आमच्या गावाची ही जुनी खोड आहे. गाव म्हटलं की डोळ्यांपुढे वरच्या वाड्याच येतात, बौद्धवाडी नंतर कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

 देवळात प्रत्येकजण मनात एकच हिशेब करत होता, हे शिवाला कळत होतं. महेंद्र गेलेल्यांत धरला, तर आपल्यांतले नऊ नाही, आठच जातील. सतरा तोंडं त्याच्याकडे बघत होती. उठून बौद्धवाडीत जाऊन महेंद्रला बोलवावं, कौल नको, दुसरं काही करू म्हणावं, दहा मिनिटांचं काम होतं. शिवा उठला नाही.

"त्याचा एक गेला म्हणून धरा," तो म्हणाला. "आठ काढा."

मग कौल लागत गेले. एक उजवा, दोन डावे, परत उजवा. ज्याचा डावा पडे तो खाली मान घालून बाहेर पायरीवर जाऊन बसे. सोळावं नाव झालं आणि आठवी डावी कळी गळली. गुरवाने कळ्यांची परडी खाली ठेवली. आठ पुरे झाले होते. सतरावं नाव घ्यायची गरजच उरली नाही.

सतरावं नाव संदेशचं होतं.

यादी लिहिताना शिवाने ते शेवटी लिहिलं, तेव्हा त्याने मनाला सांगितलं होतं की मुकादमाचा पोरगा पहिला नको, लोक नावं ठेवतील. तेव्हा ते त्याला खरंही वाटलं असेल. पण देवळाच्या पायऱ्या उतरताना त्याला लख्ख कळलं, की महेंद्रचं नाव धरलं नसतं तर आणखी एक कौल लागला असता, आणि तो संदेशचा असता. उजवाही पडला असता, कोण जाणे. पण लागला असता.

महेंद्रला सांगायला तो दुपारी गेला. देवाचं, कौलाचं काही बोलला नाही. कंपनीने नऊ कमी केलेत, त्यात तुझं नाव आलं, असं म्हणाला. नाव आलं! जसं काही ते स्वतःच्या पायांनी चालत आलं. महेंद्रने ऐकून घेतलं, बरं म्हणाला, आणि पावत्यांचं पुस्तक कुठल्या कपाटात ठेवलंय ते सांगितलं. दिवाळीच्या आधी तो वसईला गेला. तिथे एका गोदामावर रखवालदाराचं काम मिळालं. घरात राहिली त्याची म्हातारी आई, जाईबाई, एकटी.

त्यानंतर शिवा बौद्धवाडीवरून जाणारी वाट टाळायला लागला. लांबच्या बाजूने, ओढ्याकडून फाट्यावर जायचा. चपला भिजायच्या, पण जायचा. कंपनीत पावत्या स्वतः लिहायला लागला. एकेक अक्षर काढताना महेंद्रचं बोट दिसायचं. दुकानातल्या दुधाच्या पिशव्या बावीसवर आल्या. संदेश पगार आणून बापाच्या हातावर ठेवायचा आणि शिवाला तो घेताना नको व्हायचं. गोदाने दोनदा विचारलं, तुझं बिनसलंय काय? त्याने पित्ताचं सांगितलं. गोदा बिचारी रोज कोकमाचं पाणी देत राहिली.

फेब्रुवारीत बातमी आली, की दोन्ही देशांचं जमलं, कर उतरला. म्हणजे ज्यांनी आग लावली त्यांनीच पाणी ओतलं आणि फोटो काढून घेतले. शिवाला आनंद व्हायला हवा होता. पण तो बोटांवर महिने मोजत बसला. पाच महिन्यांचा तर प्रश्न होता. अर्धी-अर्धी हजेरी करून अठराही जणांनी हे दिवस काढले असते, असं त्याला आता सुचलं. तेव्हा कुणी बोललंच नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

शिमग्याची पालखी देवळात परतली त्याच आठवड्यात कंत्राटदाराचा फोन आला. तिकडच्या गिऱ्हाइकांनी मधल्या काळात दुसरीकडे सौदे केले, त्यामुळे सगळं काम काही परत आलेलं नाही. नवांतली पाच माणसं घे. कोणती, ते तू ठरव.

या वेळी शिवा पहिला बौद्धवाडीत गेला. जाईबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने त्याला बसायला चटई दिली, पाणी दिलं. तो बसला आणि त्याला विषय काढता येईना. तिनेच काढला. राग नव्हता तिच्या बोलण्यात, हेच तर वाईट. म्हणाली, देवळात तुम्ही कौल लावणार हे आम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं.

"त्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसला व्हता रे तो," जाईबाई म्हणाली. "मी म्हटलं, तुजं काय काम देवळात? तर म्हणतो, देवळात असूदे नायतर कुठं, शिवाभाऊ हाक मारील. बाहेर उभा राहीन. जेवायच्या वेळेपर्यंत तो शर्ट काढला नाय त्याने."

शिवाला तिथे बसवेना. घरामागच्या फणसाखाली जाऊन त्याने महेंद्रला फोन लावला, आणि या वेळी सगळं सांगितलं. म्हाताऱ्या मानकऱ्याने काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, सगळं. एक संदेशचं नाव शेवटी लिहिल्याचं तेवढं राहिलं. सांगायचं होतं, पण तिथे जीभ अडली.

 महेंद्रच्या मागे ट्रकचे आवाज येत होते.

"भाऊ, माझं नाव डावं पडलं असतं तरी मी काय बोललो नसतो," तो म्हणाला. "मी देव मानत नाय, पण गाव मानतो. नाव घ्यायला पायजे होतंस. पुढच्या टायमाला बोलव. जायचं असेल तरी बोलव."

शिवाने शब्द दिला. या वेळी देऊळ नाही. जिथे सगळ्यांची एकच बस थांबते त्या फाट्यावर, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या. महेंद्र म्हणाला, मी येतो.

शनिवारी दुपारी शिवाने चिठ्ठ्या लिहिल्या. कॅलेंडरचं मागचं कोरं पान कापून, सगळ्या एका मापाच्या. नऊ लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं नाही. गोदाला जवळ बोलावून त्याने सांगितलं, की संदेशचा कौल तेव्हा लागलाच नव्हता, तो फुकट राहिला. आता त्याचंही नाव टाकतो. पाच जागा नव्या, सहावी संदेशची. दहा चिठ्ठ्यांतून सहा काढायच्या. न्याय म्हणजे न्याय. बोलताना त्याला सहा महिन्यांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता आला. गोदा आत दीपालीकडे बघून आली. दीपालीला चौथा महिना होता. मग म्हणाली, तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर टाक. दहावी चिठ्ठी तिच्यासमोर घडी झाली.

सोमवारी सकाळी फाट्यावर सगळे हजर. कामावर असलेले बसची वाट बघत, आणि ते नऊ एका बाजूला. महेंद्र रात्रीच्या गाडीने येऊन सरळ उतरला होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट. शिवाने डोक्यावरचं कंपनीचं पिवळं हेल्मेट काढून उलटं धरलं. खिशात हात घातला आणि चिठ्ठ्या एकेक करून, नाव मोठ्याने वाचून आत टाकायला लागला, म्हणजे कुणाला शंका नको. महेंद्र तांबे हे नाव त्याने पहिलं घेतलं. महेंद्रने मान हलवली.

नऊ झाली. दहावी बोटांत आली होती.

समोर संदेश उभा होता, खांद्याला डब्याची पिशवी, हसत कुणाशी तरी बोलत. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. दीपालीने त्या दिवशी डब्यात गोडाचा शिरा दिला होता, त्याचा तुपाचा वास येत होता. शिवाने खिशातून हात बाहेर काढला. रिकामा.

"झाली नऊ," तो म्हणाला. "पाच काढायच्या."

चिठ्ठ्या काढायला जाईबाईलाच पुढे बोलावलं. ती पोराला निरोप द्यायला नाहीतर घेऊन जायला आली होती, तिचं तिलाच माहीत. तिने डोळे मिटून एकेक काढली आणि शिवाने वाचली. पाचवी उघडली तरी महेंद्रचं नाव आलं नाही. हेल्मेटात चार उरल्या. कुणीतरी हळहळलं. जाईबाई आपल्या हाताकडे बघत राहिली. तेवढ्यात बस आली.

महेंद्रने उरलेल्या तिघांना धीर दिला, आईला एसटीच्या शेडखाली बसवलं आणि शिवाकडे आला. शिवाला वाटलं आता बोलेल काही. त्याने बोलावं, चारचौघांत शिवी हासडावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. महेंद्रने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"बोलवलंस, बरं केलंस भाऊ. आता मनात काय नाय माझ्या," तो म्हणाला. "म्हातारीकडे येत जा अधनंमधनं."

बस सुटली. शिवा पुढच्या सीटवर बसला होता. मागे नव्याने लागलेले पाचजण हसत-खिदळत होते, आणि संदेशने शिऱ्याचा डबा तिथेच उघडून सगळ्यांपुढे धरला होता. त्यातला घास बापालाही दिला. शिवाने तो खाल्ला.

संध्याकाळी घरी आल्यावर गोदाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, काय झालं? त्याने पाच नावं सांगितली. महेंद्रचं आलं नाही, तेही सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, आणि सहावी चिठ्ठी? तेव्हा शिवाच्या तोंडून गेलं, आपल्या संदेशची. दहांतून निघाली.

गोदाने पदर डोळ्यांना लावला. सकाळपासून तिने घोटभर पाणी घेतलं नव्हतं, हे तिने आता सांगितलं. मग दीपालीला हाक मारून तिने देवापुढे दिवा लावला आणि भैरीला हात जोडून म्हणाली, बाबा, तू न्यायाचा देव, तुझ्या दारी सगळे सारखे. शिवालाही तिने ओढून शेजारी उभं केलं. त्याने हात जोडले. जोडलेले हात छातीशी आले, तिथेच सदऱ्याचा खिसा होता, आणि खिशात ती घडी तशीच होती.